तीनशे बारा वाक्यं माझी

उंद्रीच्या चढावर एस.टी. बंद पडली, यात नवल काही नव्हतं. खामगाव–चिखली गाडी उंद्रीला बंद पडते, हे मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं, तेही इंग्रजीत. नवल वेगळंच होतं. गाडीनं शेवटचा आचका दिला आणि माझ्या मागच्या सीटवरचा एक माणूस खळखळून हसला. हसून झाल्यावर माझंच वाक्य माझ्याच पाठीमागे मोठ्यानं वाचू लागला.

"‘द बस ब्रोक डाउन ॲट उंद्री, ॲज यूज्वल.’ वा! जागासुद्धा तीच!"

मी वळून पाहिलं. पंचविशी उलटलेला, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, बोटांना काळी शाई. हातात सायक्लोस्टाइल केलेलं पातळसं पुस्तक.

"उतरा हो मंडळी," कंडक्टर ओरडला. "इंजिन तापलं. अर्धा घंटा गाडी काही जाऊन नाही राह्यली."

सदुसष्ट सालचा जानेवारी. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चिखलीच्या बाजाराला चालल्या होत्या, निवडणुकीची एखादी जीप मधूनच सगळ्यांवर धूळ उडवून जात होती. मी कडुनिंबाखाली उभी राहिले. तोही तिथंच आला. सावली एकच होती, त्याला काय करणार?

"ते पुस्तक बघू."

"हे? घ्या ना. इंग्रजी येतं तुम्हाला?"

गुन्हा पहिला. मी माणसांचे गुन्हे मनात क्रमानं मांडून ठेवते. सवय चांगली नाही, पण पुढे उपयोगी पडते.

मुखपृष्ठावर ‘सोपी इंग्रजी क्रियापदे’ असं लिहिलं होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत — संकलक : नीळकंठ साखरखेर्डेकर, बी.ए., बी.टी., वडनेर भोलजी. मी पान उलटलं.

‘क्रियापद म्हणजे मुलगी आणि तिच्यामागे लागणारा छोटा शब्द म्हणजे तिचं सासर. गिव्ह ही एकच मुलगी. तिला अपच्या घरी दिली तर ती नाद सोडून देते, इनच्या घरी दिली तर शरण जाते, अवेच्या घरी दिली तर गुपित फोडते. मुलगी तीच, लोक म्हणतात, किती बदलली!’

माझ्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. हे मी प्रतिमाताईच्या लग्नानंतरच्या आठवड्यात लिहिलं होतं. खामगावला दिलेली माझी थोरली बहीण. मांडवात तिचं नाव बदलून रोहिणी केलं, आणि तिला पत्र लिहायला बसले की पत्त्यावर माझा हात अजून अडतो.

"हे कोणी लिहिलं?"

"संकलक मी."

"संकलक म्हणजे काय?"

"म्हणजे... जमवणारा."

"दुसऱ्याच्या झाडाखालची बोरं वेचायची आणि टोपलीवर आपलं नाव टाकायचं, तो?"

त्यानं चष्मा नीट केला. "बाई, तुम्ही रागावून राह्यल्या का?"

"ही वही माझी आहे. पद्मजा देऊळगावकर. चिखलीच्या कन्याशाळेत इंग्रजी शिकवते. यातलं अक्षर न् अक्षर माझं आहे!"

त्यानं मला चष्म्यातून आपादमस्तक न्याहाळलं. मग — आणि हा गुन्हा दुसरा — म्हणाला, "असं? मग सांगा, ‘पुट आउट’खाली काय आहे?"

माझ्या वहीची माझीच तोंडी परीक्षा, भर रस्त्यात!

"‘आईनं चूल विझवली, पण बाबांचा राग विझला नाही.’ ‘पुट अप विथ’खाली ‘मंजुळाबाईंचं गाणं आम्ही रोज पहाटे सोसतो.’ मंजुळाबाई आमच्या शेजारी राहतात, येऊन ऐका. ‘रन आउट ऑफ’खाली ‘पाहुणे दारात आले की आमच्याकडची साखर संपते.’ ‘टर्न डाउन’खाली..."

मी थांबले.

"‘तिनं तीन स्थळं नाकारली,’" त्यानं हळूच पुरं केलं. "ही ‘ती’ कोण, हा प्रश्न मला वर्षभर पडून राह्यलाय."

"माझी एक मैत्रीण."

"तीनच ना? नक्की?"

"पुस्तक घ्या तुमचं!"

त्यानं घेतलं नाही. चेहरा मात्र एकदम उतरला. "खरं सांगतो... वहीला पहिलं पानच नव्हतं. आमच्या बोर्डिंगातल्या एका पोराजवळ मिळाली. वर्षभर ज्याला त्याला विचारलं, कोणाची? मला वाटलं, कोणी रिटायर मास्तर असतील. संसाराला वैतागलेले."

गुन्हा तिसरा.

"आणि नाव?"

"स्टेन्सिल कापणारा म्हणे, नावाशिवाय पुस्तक बेवारशी दिसते."

"बेवारशी लेकरू दिसलं की लगेच आपलं नाव लावता का?"

रेडिएटरमध्ये पाणी ओतणारा कंडक्टर डबा धरून जागच्या जागी थिजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हा माणूस... हा माणूस खाली मान घालून हसत होता, खांदे हलवत!

कापसाच्या गाडीतून उडालेला एक पुंजका माझ्या केसांत येऊन अडकला. त्यानं बोटानं दाखवलं, हात पुढे केला नाही. तेवढी अक्कल होती म्हणायची.

"पुस्तकं कुठं चालवलीत?"

"मुलांच्या शाळेत. कन्याशाळेत चाळीस प्रती मागच्या आठवड्यातच पोचत्या केल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मागवल्या होत्या."

तीन वर्षं मी त्या शाळेत तात्पुरती होते. येत्या शनिवारी कमिटी कायम जागेचा निकाल लावणार होती, आणि माझ्या कामाचा पुरावा म्हणून त्याच वहीची आठवून लिहिलेली स्वच्छ प्रत मी मुख्याध्यापिका कौशल्याबाईंच्या टेबलावर ठेवून आले होते.

"मी आत्ताच येतो शाळेत. सांगतो सगळं," तो म्हणाला.

"नको! तुम्ही माझ्याबरोबर फाटकातून आत शिरलात तर वही राहील बाजूला, चिखली भलतंच वाचायला घेईल."

गाडी सुरू झाली. उरलेल्या वाटेवर मी खिडकीबाहेर पाहिलं आणि तो माझ्या अंबाड्याकडे. मला कसं कळलं? खिडकीच्या काचेत दिसत होतं.

*

पहिलं पान कोणी फाडलं, हे शोधायला वेळ लागला नाही. वही मी फक्त कोकिळाला दिली होती. वरवट बकालची ही मुलगी चिखलीला मामाकडे राहून माझ्याजवळ शिकली, इंग्रजीत पास झाली. तिचा भाऊ सहदेव वडनेरच्या बोर्डिंगात होता. मी बोलावणं धाडलं, ती पदराशी चाळा करत आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"ताई, पान म्याच फाडलं."

"काऊन गं?" रागात मीसुद्धा तिच्याच बोलीत गेले.

"पोरायच्या बोर्डिंगात वही चालली होती ना. त्यावर पोरीचं नाव! साठ पोट्टे, ताई. कोणी भिंतीवर लिहिलं असतं, कोणी काही जोडलं असतं. म्या तुमचं नाव वाचवलं."

ओसरीवर बाबा पेपर वाचत होते. माझे वडील भगवंतराव कचेरीत कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर नाव बरोबर आहे की नाही, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांनी पेपरही खाली केला नाही.

"शहाणी पोर. बरं केलंस."

"बरं केलं?" मी उसळले. "बाबा, माझं नाव जपायचं म्हणून माझं नावच फाडून टाकलं, आणि तुम्ही म्हणता बरं केलं? मग त्या मास्तरला मी चोर कशाला म्हणू? त्याच्या हाती पडायच्या आधीच आपल्याच माणसांनी मला पुसून टाकलं होतं!"

बाबांनी पेपर खाली केला.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाईंनी खोलीत बोलावलं. टेबलावर डावीकडे माझी वही, उजवीकडे ते पुस्तक.

"पद्मजाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"बाई, ते माझ्यावरून..."

"पुस्तकावर बी.ए., बी.टी. झालेल्या माणसाचं नाव आहे. तुमच्या वहीवर तुमचं नाव आहे, पण शाई परवाची दिसते. उतरवून घ्यायचं होतं तर निदान उंद्री तरी बदलायची. शनिवारी कमिटीत महादेवराव विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते ठरवून या. दुसऱ्या एका बाईंचा अर्ज आलेला आहे."

माझीच वाक्यं चोरल्याचा आळ माझ्यावर! घरी गेले ती थेट पोस्टकार्ड काढून बसले.

‘श्री. साखरखेर्डेकर यांस. आपल्या पुस्तकामुळे मी चोर ठरले आहे. शनिवारी तीन वाजता कन्याशाळेच्या कमिटीपुढे मूळ वही घेऊन यावे. न आल्यास ‘लेट डाउन’खाली मी आपले नाव घालीन. — पद्मजा देऊळगावकर.’

आमचे मोतीराम पोस्टमन कार्ड हातात घेताच वाचतात, तो त्यांचा हक्कच आहे. वाचून त्यांनी टोपी मागे सारली.

"ताई, वडनेरच्या मास्तराले एवढं कडक? पाकिटात घातलं असतं तं बरं झालं असतं."

"उघडंच जाऊ द्या, मोतीरामकाका. लपवण्यासारखं मी काही केलेलं नाही."

*

शनिवारी पावणेतीनला तो फाटकात हजर होता. चष्म्याला नवा दोरा, काखेत माझी मूळ वही, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि इतकं चोरून, की कौशल्याबाईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष महादेवराव कापसाचे व्यापारी. गठाणीत हात घालून कापूस ओला की कोरडा सांगणारा माणूस. त्यांनी वहीतही तसाच हात घातला.

"मास्तर, हे तुमचं नाही म्हणता?"

"एकोणीस वाक्यं माझी. तीनशे बारा यांची. पुस्तकावर माझं नाव यायला नको होतं. चूक माझी आहे, आणि ती मी लिहून द्यायला तयार आहे."

"लिहून द्याल. पण वहीवर ह्या बाईचं नाव कुठं आहे? तुम्ही भले माणूस दिसता. एखाद्या गरजू पोरीसाठी खोटं बोलून राह्यले असाल."

महादेवरावांनी वही मिटली. आणि दाराबाहेरून आवाज आला, "नाव माह्याजवळ आहे."

कोकिळा! हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिनं फडकं सोडलं. आत घडी घातलेलं पान — वर श्री, त्याखाली मी पाटीवर काढावी तशी काढलेली रेघांची सरस्वती, आणि खाली माझं पूर्ण नाव, तारखेसकट.

"फाडलं, पण फेकता नाही आलं," ती महादेवरावांना म्हणाली. "सरस्वती होती ना त्यावर. मामीच्या देवघरात पोथीखाली ठेवलं होतं."

महादेवरावांनी पान घेतलं, वहीच्या शिलाईशी लावलं. फाटलेली कड दातांत दात बसावे तशी बसली. त्यांनी ते दोनदा करून पाहिलं, मग कौशल्याबाईंपुढे सरकवलं. कौशल्याबाईंनी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"वही बाईचीच, हे मान्य," महादेवराव म्हणाले. "आता येक सांगा बाई. ह्या मास्तराशी तुमची वळख कशी?"

हाच तो प्रश्न. याच्याच भीतीनं कोकिळानं पान फाडलं होतं, बाबांनी ‘बरं केलं’ म्हटलं होतं. कमिटीचे पाचही जण माझ्याकडे पाहत होते. मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले.

"उंद्रीला गाडी बंद पडली तेव्हा भर रस्त्यात मी यांना चोर ठरवलं. कंडक्टर साक्षीला आहे. मग एक पोस्टकार्ड टाकलं, ते मोतीरामकाकांना तोंडपाठ आहे. ओळख एवढीच. याहून जास्त असती तरी तीनशे बारा वाक्यं माझीच राहिली असती."

महादेवरावांनी वही बाजूला सारली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. "लिहा कौशल्याबाई, कायम करा. पोरीले इंग्रजी येवो न येवो, मराठी लई चांगली येते."

*

स्टँडवर मी त्याला पोचवायला गेले नव्हते. मोतीरामकाकांना कार्डं द्यायला गेले होते. स्टँड वाटेत लागतो.

"माझी एकोणीस वाक्यं वाचलीत?" त्यानं विचारलं.

"तपासली. भेसळ कुठं कुठं आहे ते पाहिलं. दोन चुकली आहेत."

"तपासली म्हणता... वाचली नाहीत." त्यानं पिशवीतून एक प्रत काढली. "ही दुरुस्त प्रत. उंद्रीनंतरची."

"दुरुस्ती काय?"

"सवड मिळाली की पाहा." गाडीनं हॉर्न दिला. पायरीवर चढता चढता तो थांबला. "बाई... ती मैत्रीण कशी आहे तुमची?"

"अजून तीनवरच आहे," मी म्हणाले आणि वळले. पुढे स्वतःचाच राग आला. इतकं पटकन सांगायची काय गरज होती?

रविवारी दुपारी आई पुष्पाबाई मंजुळाबाईंकडे गेल्यावर मी ओसरीवर पुस्तक उघडलं. ती एकोणीस वाक्यं तो जिथं जागा मिळेल तिथं पेरत गेला होता. मी ती एकामागे एक वाचली.

‘कम अक्रॉस’ — मी काही शोधत नव्हतो, तेव्हा त्याची वही माझ्या हाती लागली. ‘फाइंड आउट’ — लिहिणारा तो कोण, ते काही कळलं नाही. ‘लुक फॉर’ — मी त्याला नांदुऱ्याच्या बाजारात शोधलं, खामगावच्या वाचनालयात शोधलं. ‘लुक फॉरवर्ड टू’ — पोरं झोपायला गेली की त्याच्या वाक्यांना भेटेन, याची दिवसभर वाट पाहतो. ‘चिअर अप’ — तो मला हसवतो आणि त्याला ठाऊकही नाही. ‘रन इंटू’ — कधीतरी, कुठंतरी, तो अचानक समोर येईल. ‘मेक अप फॉर’ — त्याचं नाव मी लिहू शकलो नाही, त्याची भरपाई करीन.

प्रत्येक वाक्यात मी पुरुष होते. आणि प्रत्येक वाक्यात निळ्या शाईनं ‘ही’ खोडून वर ‘शी’ केलेलं होतं, ‘हिम’ खोडून ‘हर’. एकोणीस वाक्यं, सव्वीस दुरुस्त्या. सगळ्यांत शेवटी, कोऱ्या जागेत, हातानं लिहिलेलं विसावं :

‘टर्न डाउन’ — ती चौथं नाकारणार नाही, अशी मला आशा आहे.

निर्लज्ज! स्वतःच्या तोंडानं विचारायची छाती नाही, क्रियापदाच्या आडून विचारतो! मी पुस्तक मिटलं. परत उघडलं. सव्वीस दुरुस्त्या पुन्हा मोजल्या. सव्वीसच होत्या. मग पोस्टकार्ड काढलं.

‘श्री. साखरखेर्डेकर यांस. विसावे वाक्य बरोबर आहे. एक अट. माझे नाव एकदा फाटले, ते पुन्हा जोडले. लग्नात बदलून घेण्यासाठी जोडलेले नाही. आडनाव आपले इतके लांब आहे की मुखपृष्ठावर मावणार नाही. तेवढे मी सोसून घेईन. — पद्मजा.’

सोमवारी सकाळी मोतीरामकाकांनी ते माझ्यासमोरच वाचलं. "मास्तराले पाकिटात..."

"उघडंच."

संध्याकाळपर्यंत सगळ्या चिखलीला कळलं. बाबांना कचेरीत तिघांनी सांगितलं. घरी येऊन ते बराच वेळ पेपर उलटा धरून बसले. मग म्हणाले, "अक्षर बरं आहे म्हणतात त्याचं."

उत्तर आलं, तेही कार्डावरच. ‘गो बॅक ऑन’ — दिलेल्या शब्दावरून मी मागे फिरत नाही. बस्स, एवढंच. मी विश्वास ठेवला का? अर्धा. शब्द देणारे मी प्रतिमाताईच्या लग्नातही पाहिले होते. मांडवात सासू पुढे होते, भटजी घाई करतात, आणि शब्द देणारा तांदळाकडे बघत राहतो.

वैशाखात आमच्या मांडवात ताटात तांदूळ पसरले गेले. साखरखेर्ड्याच्या रुक्मिणीबाई, माझ्या होणाऱ्या सासूबाई, त्याच्या कानाशी वाकल्या. ओठांची हालचाल मला स्पष्ट दिसली : वैजयंती. चार महिने जपून ठेवलेलं नाव. प्रतिमाताई खांबाला टेकून उभी होती, तिनं मान फिरवली. भटजी म्हणाले, "लिहा, लिहा, मुहूर्त टळतोय."

त्यानं अंगठी हातात घेतली. शाईचा डाग त्या दिवशीही बोटावर होताच. तांदळात पहिली रेघ उमटली. आधी त्यानं वर श्री लिहिलं. मग... रेघांची ती पाटीवरची सरस्वती काढली, भटजी ‘हे काय’ म्हणेपर्यंत. आणि खाली, सावकाश, कोणालाही चुकून दुसरं वाचता येऊ नये असं, माझं नाव.

"अरे नीळकंठ, हे तं जुनंच आहे!" सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," तो म्हणाला. "पहिलं पान आहे."

प्रतिमाताई खांबापासून निघून ताटाजवळ आली आणि वाकून ती चार अक्षरं वाचली. श्री धरून चार. मी मात्र त्याला लगेच सोडलं नाही. मान खाली घालून, त्यालाच ऐकू जाईल इतकंच म्हणाले, "जचा काना तिरका झालाय."

"दुरुस्त करू?"

"राहू द्या."